गाडी सुटते कशावर?

मंडळी, प्रधानमंत्री ई-बस सेवेत कोल्हापूरला 100 गाड्या मंजूर झाल्या, तेव्हापासून भेटेल तो विचारतो, ‘गाड्या कधी येणार?’ माझी सगळी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली. त्यामुळे माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. आलेली गाडी रोज सुटणार कशावर?

केंद्राने ही योजना ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर केली, देशभरासाठी 10,000 बस. यातली गाडी महापालिका विकत घेत नाही. गाडी ठेकेदाराची, चालक त्याचा, देखभालही त्याचीच. त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा, मग गाडी भरून धावो की रिकामी. 9 मीटरच्या बसला केंद्र किलोमीटरमागे 22 रुपये देतं, 10 वर्षं. आता समजा, करार 60 रुपयांना झाला. आपल्या वाट्याला राहिले 38. दिवसाला 200 किलोमीटर धरले तर एका गाडीचे 7,600 रुपये, 100 गाड्यांचे 7 लाख 60 हजार, वर्षाचे पावणेअठ्ठावीस कोटी. 60 आणि 200 हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, पण बेरीज अशीच करायची असते. तिकिटातून जेवढं येईल तेवढं येईल, उरलेली तूट महापालिकेच्या तिजोरीवर. तिकीट वाढवायचं म्हटलं तर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते.

मग खर्च कमी करा म्हणतात, तोट्याच्या फेऱ्या बंद करा. इथे मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण या एका गोष्टीसाठी मी आज उभा आहे.

वाहकाचं वेबिल, म्हणजे फेरीगणिक तिकिटांची नोंद असलेला कागद, डोळ्यासमोर आणा. सकाळी उचगावकडून शहरात येणारी फेरी, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. तीच गाडी परत जाताना पाच-सहा तिकिटं. दोन्हींची सरासरी काढली की मार्ग तोट्यात. पण ती रिकामी परत गेलीच नाही, तर पुढची भरलेली फेरी आणायची कुठून? रात्रीच्या शेवटच्या गाडीचंही तेच. तिच्यात माणसं मोजकी, म्हणून ती बंद होते. मग क्लासवरून उशिरा सुटणारी मुलगी परत कशी जाणार? घरचे तिला दुचाकी घेऊन देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरलेल्या फेरीतलं एक तिकीट जातं. वेबिलावर रात्रीची बचत दिसते. सकाळचं गेलेलं तिकीट कुणी त्या बंद केलेल्या रात्रीच्या फेरीच्या खात्यावर लिहीत नाही.

दुसरी अडचण हद्दीची. 1972 साली महापालिका झाली, त्यानंतर कित्येक दशकं हद्द 66.82 चौरस किलोमीटरच राहिली. वस्ती मात्र पाचगाव, कळंबा, उचगाव, गांधीनगरपर्यंत पसरली. केएमटी, म्हणजे महापालिकेची बससेवा, तिकडे जाते, घरफाळा तिकडचा तिकडेच राहतो.

कायद्याने परिवहनाचा निधी वेगळा असतो, अंदाजपत्रकही वेगळं. व्यवस्थापक ते तयार करतो, परिवहन समितीपुढे जातं, मग सभागृहात. त्यात महापालिकेकडून मिळणाऱ्या रकमेची एक ओळ असते. बहुतेक वेळा ती वर्ष संपताना, पगार अडले की आठवते. माझं म्हणणं, ती रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा, महिन्याच्या महिन्याला द्या. आणि ज्या गावांत गाडी जाते, त्या ग्रामपंचायतींनीही आपल्या फेऱ्यांपुरता वाटा उचलावा. तुमच्यापैकी जे पाचगावहून, कळंब्याहून आलात, त्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. गाडीच्या फेऱ्यांचा कागद मी करून देतो.