दाराची खालची कड

(सोप्यात आडवं घातलेलं कपाट. दारातून तिरका उजेड.)

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचा हा सोपा. मधोमध वर्तमानपत्रं अंथरून कपाट आडवं घातलंय. आंब्याच्या फळ्यांचं, दोन दारांचं, आजीच्या लग्नात आलेलं.

रंगकाम करणारे मामा पत्र्याचं टोक जुन्या रंगाखाली सरकवतात आणि तळहाताएवढं सालपट उचलून येतं. त्याची कड नीट बघा. वर पिस्ता, मध्ये निळा, खाली चॉकलेटी. तीन पिढ्यांचे तीन रंग एकमेकांना घट्ट धरून आहेत. सुटलेत ते लाकडापासून. कारण सगळ्यात पहिला रंग कोऱ्या लाकडावर थेट मारला होता. रंगाआधी लावायचं अस्तर नव्हतंच.

एवढ्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून तोंडाला मास्क आणि पोरं घराबाहेर.

(पॉलिश पेपरचा आवाज.)

आधी ८० नंबरचा पेपर, मग १२०. हात लाकडाच्या रेघेनंच चालतो. आडवा गेला तर ओरखडा रंगातूनही दिसतो. मग टर्पेंटाइनच्या फडक्यानं धूळ पुसायची. फळीत दोन गाठी आहेत. गाठीतली राळ नंतर पिवळा डाग होऊन वर येते, त्यामुळे त्यांच्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, म्हणजे लाख, लावतात.

आता अस्तर, म्हणजे आपण दुकानात मागतो तो वुड प्रायमर. मामांनी तो थोडा पातळ केलाय.

(फळीचं कापलेलं टोक, जवळून.)

इथं जरा थांबू. ब्रश फिरला, टोक ओलं चमकलं, आणि बघता बघता चमक गेली. लाकडातल्या नळ्या या कापलेल्या टोकाला उघड्या असतात, त्या सगळं ओढून घेतात. इथं थेट ऑइल पेंट मारला असता तर त्यातलं तेल लाकडात मुरलं असतं आणि वर नुसती रंगाची भुकटी उरली असती. ती बोटाला लागते आणि पुढे पोपडे धरते. मामांच्या शब्दांत, "लाकडाला तहान लागलीय. ती अस्तरानं भागवायची. रंगानं भागवाय गेलं की रंग मरतोय."

दुसऱ्या दिवशी फळीवरून तळवा फिरवला तर खरखर लागते. ओलाव्यानं लाकडाची कुसं उभी राहिलीत. २२० च्या पेपरनं ती हलक्या हातानं बसवायची. मग खिळ्यांच्या भोकांत लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, ती वाळली की घासून त्या ठिपक्यांवर पुन्हा अस्तर, कारण लांबीही रंग पितेच. लोखंडी कड्यांना घासल्या घासल्या, त्याच दिवशी रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचं अस्तर. रात्रभर उघड्या राहिल्या तर पुन्हा गंज धरतो.

हे सगळं करायला दोन-तीन दिवस जातात, आणि नेमके हेच दिवस घासाघीस करताना उडवले जातात. "अस्तर राहू द्या, दोन हात रंगच मारा," हे आपल्या घराघरांतलं वाक्य. त्यातून रंगकाम काढायचं गणपतीच्या तोंडावर, जेव्हा आपल्याकडचं लाकूड पावसानं टम्म फुगलेलं असतं. माझ्या घरच्या दाराचंही हेच झालं. पुढच्या उन्हाळ्यात रंग पापडासारखा उचलला. अंदाजपत्रकात अस्तराची ओळ वेगळी लिहून मागा. ती नसेल तर काम थांबवा, इतकं मी ठामपणे म्हणेन.

(दार बिजागरीवरून निघतं.)

मामांनी दोन्ही दारं उतरवलीत. उलटी उभी केलीत. आता ब्रश जातो दाराच्या खालच्या कडेला, जिथं आपण कधी वाकून बघत नाही. पावसाळ्यात दार अडकतं, लाथ मारून उघडावं लागतं, ते या कोऱ्या कडेमुळे. ओल तिथूनच वर चढते. खालची कड, वरची कड, बिजागरीची खाच. एका कडेला दोनदा हात.

२०१९ च्या पुरात शहराच्या सखल भागात कपाटंच्या कपाटं फुगून गेली. तिथं अस्तरही पुरं पडत नाही.

(दारं परत चढतात.)

मग रंग. दोन हात, पांढरा.

मामा प्रायमरच्या डब्याचं झाकण ठोकून बसवतात. कपाटाची पाठ अजून कोरी आहे. ती भिंतीकडे जाणार, तरी उद्या तिलाही अस्तर.