चांदबिबीची आई

मंडळी, नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की डोंगरावर एक आठकोनी, तीन मजली वास्तू दिसते. शेजारी बसलेल्या कुणालाही विचारा, 'चांदबिबीचा महाल' असंच उत्तर मिळेल. खरं म्हणजे ती निजामशाहीतल्या सलाबतखान या मंत्र्याची कबर आहे. पण मला या चुकीचा राग येत नाही. आपल्या चांद सुलतानाचं काहीतरी असं उंचावर, लांबून दिसणारं असावं, असं इथल्या माणसाला वाटलं, यातच तिच्यावरची माया कळते. मात्र आज मी बोलणार आहे ते तिच्या आईविषयी. तिच्या नावानं कुणी साधा चौथराही दाखवत नाही.

तिचं नाव खुंजा हुमायून. नगरचा सुलतान हुसेन निजामशहा याची ही बेगम. मूर्तजा आणि बुऱ्हाण हे तिचे मुलगे, चांदबिबी ही मुलगी. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची एकी झाली, तिची वीण हुसेनच्या मुलींच्या लग्नांनी घातली गेली. जमालबिबी गोवळकोंड्याला कुतुबशहाकडे गेली, चांद विजापूरला अली आदिलशहाकडे, आणि अलीची बहीण मूर्तजाची बायको होऊन नगरला आली. चांदच्या लग्नात आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला दिला गेला. हा किल्ला आधीच्या पिढीतही आंदणाचाच होता! १५२४ साली विजापूरची मरियम नगरच्या सुनेच्या नात्यानं आली, तेव्हा तो कबूल झाला आणि हाती पडला नाही. त्यापायी दोन्ही घराणी चाळीस वर्षं झुंजली. लेकीबाळी आणि किल्ले एकाच यादीत लिहिण्याचा तो काळ होता.

२३ जानेवारी १५६५ ला तालिकोटची लढाई झाली. हुसेन जिंकून आला आणि त्याच वर्षी वारला. मूर्तजा लहान, म्हणून कारभार खुंजा हुमायूननं हाती घेतला. पडद्याआड बसून ती दरबार चालवायची. अशी चार-पाच वर्षं गेली. तिनं आपल्या भावांना मोठ्या जहागिरी दिल्या आणि तिथं सरदार बिथरले. हा तिचा दोष होता, तो मी झाकणार नाही. पण त्या दरबारात आपल्या माणसांना जवळ न करणारा सुलतान मला दाखवा!

सरदारांनी मूर्तजाचे कान भरले. त्या काळचा इतिहासकार फिरिश्ता लिहितो की पहिला कट ठरला असताना आईनं मुलाला सहज बोलावणं धाडलं. मुलाला वाटलं, हिला सगळं कळलं. भीतीनं त्यानं आपणहून सारं सांगून टाकलं आणि दोष दुसऱ्यांवर ढकलला. आईनं त्याला माफ केलं. पुढं १५६९ मध्ये छावणीवर असताना त्यानं तिला धरायला हबशीखान या सरदाराला पाठवलं. ती बुरखा घेऊन, तलवार-खंजीर लावून घोड्यावर बसली. खानानं तिचा दंड धरला तेव्हा तिनं खंजीर उपसला. तो हिसकावून घेऊन तिला कैद केलं. आईला धरायला माणूस धाडणाऱ्या या मूर्तजाला लोक पुढं 'दिवाणा' म्हणू लागले. १५८८ मध्ये त्याला त्याच्याच मुलानं हमामखान्यात कोंडून मारलं. निजामशाहीची ही अशी घरची कथा आहे.

आता पुण्याला या. भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाची फारसी पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीनं हुसेनचं गुणगान केलंय आणि सोबत चित्रं आहेत, दख्खनी चित्रकलेतल्या अगदी सुरुवातीच्या चित्रांपैकी. त्या काळी सुलतानाशेजारी बेगमेला बसवून चित्र काढणं फार दुर्मीळ. इथं ती होती, सिंहासनावर, त्याला खेटून. 'होती' म्हणतो, कारण काही पानांवर तिची आकृती नंतर कुणीतरी पुसून टाकली आहे. तिच्या जागी एक मळका डाग, नीट पाहिलं तर त्याखाली देहाची रेषा. राजा तसाच रंगीत, ताजा. ती कैदेत गेल्यावर हे झालं असावं, असं अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

चांदबिबी तेव्हा विजापुरात होती. १५८० मध्ये अलीचा खून झाला, गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम बसला आणि तीही आईसारखी पडद्याआड कारभाराला बसली. तिलाही कैद झाली. विजापूरचा सरदार किश्वरखान यानं तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर ठेवलं. सुटल्यावर १५८४ साली ती माहेरी, नगरला आली. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद याच्या मोगल फौजेनं किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा सुरुंगानं तट फुटला आणि सरदार मागं सरले. ही पुढं झाली. चेहऱ्यावर बुरखा, हातात उघडी तलवार. रातोरात तिथं उभं राहून तिनं भगदाड बुजवून घेतलं. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला, नगर वाचलं.

बुरखा आणि तलवार. हे शब्द मी मघाशी आईसाठी वापरले होते. मुलीनं ते आईकडून घेतलं, असा कागद माझ्याकडं नाही. पण विजापूरच्या जनान्यात नगरची बातमी पोचली नसेल, हे मला खरं वाटत नाही.

१६०० मध्ये अकबराचा दुसरा एक मुलगा दानियाल याचा वेढा पडला. आता किल्ला टिकत नाही हे तिनं ओळखलं. किल्ला देऊन भावाच्या नातवाला, लहानग्या बहादूरला घेऊन जुन्नरला निघून जावं, असा तिचा विचार होता. तिचाच सरदार हमीदखान रस्त्यावर ओरडत सुटला की सुलताना मोगलांना फितूर झाली. जमाव आत घुसला आणि तिला तिच्या महालात मारलं. पुढं ऑगस्टमध्ये किल्ला पडला, बहादूरला ग्वाल्हेरला कैदेत नेलं.

पुण्याच्या त्याच पोथीत एक चित्र 'दोहदा'चं आहे, स्त्रीच्या स्पर्शानं झाड फुलतं ते. संस्कृत काव्यातली ही जुनी कल्पना. आपला 'डोहाळे' शब्द या दोहदावरूनच आला. फारसी अक्षरांच्या शेजारी ते झाड अजून फुललेलं आहे.