कोरडा पाषाण आणि ब्रह्मज्ञान
(निपाणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो, पण ती सांगणाऱ्याला पाषाण म्हणते, ब्रह्मज्ञानाला खोटे म्हणत नाही, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. नट किंवा पुढारी यांच्यावर ढोंगाचा आरोप झाला की आपण पाषाण उलटापालटा करून पाहतो आणि ज्ञान तिथेच टाकून घरी जातो. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती जरा सविस्तर मांडतो.

निपाणीत या विषयावर बोलायचे आणि तंबाखू वगळायचा, हे शक्य नाही. एप्रिल 2022 मध्ये अक्षय कुमार हे विमल इलायचीच्या जाहिरातीत दिसले आणि लोकांनी त्यांची जुनी विधाने शोधून काढली, कारण गुटख्याची जाहिरात आपण करणार नाही असे ते पूर्वी म्हणाले होते. शिवाय सिनेमा सुरू होण्याआधी सिगारेट सोडायला सांगणारी त्यांची सरकारी जाहिरात आपण सर्वांनीच कितीतरी वेळा पाहिलेली होती. थोड्याच दिवसांत त्यांनी माफी मागितली, जाहिरातीतून अंग काढून घेतले आणि मिळालेले मानधन चांगल्या कामाला देऊ असे जाहीर केले. कराराची मुदत संपेपर्यंत जाहिरात मात्र दिसत राहू शकेल, हेही त्यांनीच सांगितले. प्रकरण मिटले. वेलदोड्याच्या नावाने पानमसाल्याची छाप लोकांच्या डोळ्यांत भरवण्याची युक्ती कायद्यात कशी बसते, हा खरा प्रश्न होता. पण नट हाती लागल्यावर त्या प्रश्नाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही.

त्याच सुमारास आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मावशींकडे बसलो होतो. मांडीवर सूप, सुपात कातरलेली तेंदूची पाने, बाजूला तंबाखूचा ढीग. खाली न बघता त्या पान घेत, चिमूटभर तंबाखू पसरत, वळत, टोक दुमडत आणि दोरा गुंडाळून विडी बाजूला टाकत. बोलणे मात्र माझ्याशी चालू. मी नटाची बातमी सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यानं जाहिरात सोडली, बरं केलं. म्या काय सोडायचं?" 1981 साली ज्या गावाच्या परिसरात तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून धरला आणि गोळ्याही झेलल्या, त्या गावात या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. आणि पाकिटाच्या 85 टक्के भागावर धोक्याची सूचना छापायला लावून त्याच पाकिटावर कर घेणारे सरकार ढोंगी ठरते की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मला ते ढोंग कमी आणि अडचण अधिक वाटते.

मग सगळेच माफ करायचे का? नाही. माझी कसोटी अशी की ज्याच्या हाती नियम करण्याची सत्ता आहे, तो स्वतःला त्यातून चोरून वगळतो का, हे पाहावे. 20 मे 2020 रोजी, ब्रिटनमध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे घराबाहेरच्या एकाच माणसाला मोकळ्यावर भेटण्याची मुभा असताना, पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या बागेत मेजवानी झाली आणि आपापले मद्य घेऊन येण्याचे निमंत्रण गेले होते. त्याच काळातल्या दुसऱ्या एका प्रसंगाबद्दल तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल 2022 मध्ये दंड झाला. ज्यांना आपल्या माणसाच्या अंत्यविधीला जाता आले नाही, त्यांचा संताप इथे शंभर टक्के खरा होता.

याच्या उलट उदाहरण आपल्या जिल्ह्यातले आहे. गांधीजी अध्यक्ष झाले असे काँग्रेसचे एकमेव अधिवेशन डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात झाले, हे इथे प्रत्येकाला पाठ असते. त्या अधिवेशनाने सभासदत्वाची अट कोणती घातली, हे फारसे कोणी सांगत नाही. दरमहा 2000 यार्ड सूत द्यायचे, स्वतः कातलेले. पण आजारपण किंवा अनिच्छा असेल तर दुसऱ्याने कातलेलेही चालेल. खादीही राजकीय कार्यक्रमांना आणि काँग्रेसच्या कामावर असताना, एवढीच सक्ती होती. आजच्या भाषेत याला कोणीही 'ढोंगाचा परवाना' म्हणेल! परंतु माणसे कमी पडणार हे त्या नियमात उघडपणे लिहिलेले होते, आणि उघडपणे लिहिलेल्या सवलतीला ढोंग म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षी पाटण्यात ती अट सैल करून चार आणे वर्गणीचा पर्याय पुन्हा आणला गेला, तोही चोरून नव्हे.

आता आपल्या दुखण्याकडे येतो. प्राथमिक शाळेत माध्यम कोणते असावे यावरून आपल्या कर्नाटक राज्यात 1994 च्या धोरणापासून झगडा चालला आणि 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारला मातृभाषेची सक्ती करता येणार नाही. सीमाभागात भाषेसाठी गळा काढणाऱ्या दोन्ही भाषांच्या पुढाऱ्यांपैकी अनेकांची मुले इंग्रजी शाळेत जातात, हे गुपित नाही, आणि प्रत्येक निवडणुकीत ते एकमेकांना ऐकवलेही जाते.

मीही त्यातलाच आहे, हे इथे सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी एका मराठी शाळेसाठी बोलावलेल्या बैठकीत मी उभा राहून बोललो की दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक आहे आणि रिकाम्या जागेसाठी निवेदन द्यायला हवे. मागून एकाने विचारले, "सर, तुमचा नातू कुठल्या शाळेत आहे?" मी खरे ते सांगितले. लोक हसले, मी खाली बसलो, आणि उरलेला अर्धा तास कोणाकोणाची नातवंडे कुठे शिकतात यावर गेला. घरी येताना राग आला तो विचारणाऱ्याचा नव्हे, कारण त्याचे विचारणे चुकीचे नव्हते. राग आला तो मी खाली बसलो याचा. त्या बैठकीचे इतिवृत्त मी नंतर वाचले. त्यात माझ्या नातवाच्या शाळेचा उल्लेख आहे, शिक्षकाच्या रिकाम्या जागेचा नाही.