तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे

नमस्कार श्रोतेहो.

नवतपा लागलेला, बाहेर ४५-४६ डिग्री, आणि घरातला फ्रीज बंद. नागपूरच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. सकाळचं दही दुपारी आंबटढाण, पन्ह्याचा गर फसफसलेला, आणि दुधाची पिशवी शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये पाहुणी. बरं, फ्रीज काही जुना नव्हता. धनतेरसला बर्डीवरून घेतलेला, २८ हजारांचा. जेमतेम सात महिने झाले होते, वॉरंटी चालू होती.

कंपनीचं नाव मी घेणार नाही. मोठी आहे, एवढं पुरे. फोन लावला, हे बटण दाबा, ते बटण दाबा झालं, थोडा वेळ गाणं ऐकलं, तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी एक पोरगा आला. त्यानं फ्रीज भिंतीपासून ओढला, मागं हात लावून पाहिला आणि म्हणाला, "आंटी, कंप्रेसर गया. पार्ट मंगाना पडेगा." दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन. "आंटी, मोबाइल पे एक ओटीपी आया होगा, बता दो, पार्ट का ऑर्डर डालना है." मी भाबडेपणानं चारही आकडे सांगितले. संध्याकाळी मेसेज आला : तुमची तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

आता हे नीट ऐका. तो ओटीपी पार्टसाठी नव्हताच. ग्राहकाचं काम झालं, ग्राहक समाधानी आहे, असं सांगणारा तो आकडा. वेळेत तक्रार बंद झाली नाही की खालच्या माणसाला वरून बोलणी बसतात, म्हणून तो पोरगा आधी आकडा मागतो आणि पार्टचं मग पाहू म्हणतो. मी पुन्हा फोन केला तर नवीन नंबर मिळाला आणि सगळं पहिल्यापासून सुरू. जुन्या तक्रारीचं काय? "मॅम, वो तो क्लोज हो चुकी है."

मग मी फोनवरच्या त्या मुलीवर ओरडले. खूप ओरडले. नंतर मलाच वाईट वाटलं, कारण कुठल्यातरी शहरात कानाला हेडफोन लावून बसलेल्या त्या मुलीला एक स्क्रूसुद्धा मागवायचा अधिकार नसतो. जो मागवू शकतो त्याच्यापर्यंत आपला फोन जातच नाही. आपला राग तिच्यापाशी जिरावा, एवढ्यासाठीच ती तिथं बसवलेली असते. फोनवर तुम्ही अर्धा तास बोला, तुमच्या हाती काही उरत नाही. रेकॉर्डिंग असतं, पण ते त्यांच्याकडे.

म्हणून मी पत्र लिहायला बसले. तीन पानं झाली. दही, पन्हं, उन्हाळा, माझं ब्लडप्रेशर, सगळं आलं. माझे धाकटे दीर कोर्टात नोकरीला होते. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "वहिनी, सगळं आहे, पण यात मागणी कुठे आहे?" खरंच नव्हती. मग त्यांच्या सांगण्यावरून एक पान केलं. बिलाचा नंबर आणि तारीख, फ्रीजचा मॉडेल आणि सिरियल नंबर, दोन्ही तक्रारींचे नंबर, कोणत्या तारखेला कोण आलं आणि काय म्हणालं. शेवटी दोन वाक्यं : १५ दिवसांत कंप्रेसर विनामूल्य बदलून द्या, नाहीतर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. सोबत बिलाची झेरॉक्स आणि त्या 'यशस्वीरीत्या बंद' मेसेजचा फोटो. हे कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला, म्हणजे सर्व्हिस सेंटरला नाही बरं का, आणि एक प्रत बर्डीच्या दुकानदाराला. "आमचा काही संबंध नाही, कंपनीशी बोला," असं तो म्हणालाच होता. पैसे घेताना मात्र संबंध होता! जीपीओत जाऊन दोन्ही स्पीड पोस्ट केली आणि पावत्या बिलाला टाचून ठेवल्या.

पत्राचा उपयोग झाला नाही तर पुढे काय, ते सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि पाठपुरावा करतात. हुकूम ते देऊ शकत नाहीत, पण बऱ्याच गोष्टी एवढ्यावरच मिटतात. वस्तू ऑनलाइन घेतली असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. बँकेचं गाऱ्हाणं असेल तर आधी बँकेला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. विम्याला वेगळा लोकपाल आहे, विजेच्या बिलाला वेगळा तक्रार मंच आहे.

आणि मग ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्टच. आपल्या जिल्ह्याचा सिव्हिल लाइन्समध्ये आहे. पुष्कळ लोक मला म्हणतात, "काहून त्या भानगडीत पडता बाप्पा, वकील परवडतो का?" वकील लागतोच असं नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, ई-जागृती नावाच्या पोर्टलवर.

नव्या कायद्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० ला. जुना १९८६ चा होता, त्यात कंपनीचं कार्यालय कुठे, प्रकार घडला कुठे, यावर वाद व्हायचे. आता तुम्ही जिथं राहता किंवा कमावता तिथं तक्रार करता येते. म्हणजे कंपनी गुरुग्रामची असो की मुंबईची, तिनं नागपूरला यायचं. आणि आली की वेळेत बोलायचं. लेखी जबाबाला ३० दिवस, फार तर वर १५. जुन्या कायद्यातही हीच मुदत होती, आणि तिच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये सांगून टाकलं की ४५ दिवसांपुढे एक दिवस नाही. गंमत म्हणजे ते प्रकरण एका कोल्ड स्टोरेजचं होतं. माझ्या फ्रीजला ते ऐकवायला हवं होतं.

घरी मेस चालवणाऱ्या बायका विचारतात, आमचा तर धंदा, आम्ही ग्राहक कशा? पोटापाण्यासाठी स्वतः राबत असाल तर तुम्ही ग्राहकच. पण आयोगात तक्रार करायची दोन वर्षांची मुदत सांभाळा. कंपनीशी ईमेल-ईमेल खेळत बसल्यानं ती वाढत नाही, आणि "पाहतो, करतो" म्हणत वेळ काढणं कंपन्यांना छान जमतं.

खोटी आशा मात्र मी दाखवणार नाही. कायदा म्हणतो, साधं प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा पडतात, वर्षं जातात, आणि जिंकलात तर कंपनी अपिलात जाऊ शकते. म्हणून मी त्या एका पानाच्या पत्रावर एवढा जोर देते. आयोगात जाल तेव्हा पहिल्यांदा तेच पाहिलं जाणार, आणि कंपनीच्या वकिलालाही ते ठाऊक असतं. शिवाय मागणी बेतानं करा. २८ हजारांच्या फ्रीजला पाच लाखांचा मनस्ताप लिहिलात तर खरा मनस्तापही कुणी मनावर घेत नाही.

माझ्या पत्राचं काय झालं? अकराव्या दिवशी एका साहेबांचा फोन आला, गोड मराठीत. दोन दिवसांत तोच पोरगा नवा कंप्रेसर घेऊन दारात. भरपाई एक पैसाही मिळाली नाही. मीही मागितली नाही, आणि त्याची चुटपुट अजून आहे.

काम आटोपलं, फ्रीज घुरघुरायला लागला. पोरानं पन्हं प्यायलं, तोंड पुसलं, आणि हळूच म्हणाला, "आंटी, ओटीपी?" मी म्हटलं, "बर्फ जमू दे बाबू." संध्याकाळी सातला त्याचा फोन आला. मी फ्रीज उघडला, ट्रे बाहेर काढला, बोटानं टकटक करून पाहिलं, आणि मग एकेक करून चार आकडे सांगितले.

नमस्कार.