पुराचं पाणी आणि सिस्लेचं आभाळ

चित्रकार सिस्लेच्या या चित्रात पूर आहे, पण पळापळ कुठेच नाही. 1876 साल. पॅरिसजवळच्या पोर-मार्ली गावात सेन नदी शिरलीय. रस्त्याचा पत्ता नाही. वाइनविक्रेत्याचं दुकान तेवढं पाण्यात उभं आहे आणि दारापुढे होड्या लागल्यात.

आता पाणी जवळून पाहा. सलग निळा रंग सापडणार नाही. आडवे, तुटक फटकारे आहेत. कुठे मातकट, कुठे राखाडी, मध्येच ढगांची पांढरट झाक. आणि वर ऐसपैस आभाळ. आपण चित्राला सुरुवात नेहमी आभाळापासून करतो, असं या चित्रकारानं एका पत्रात लिहून ठेवलंय.

आल्फ्रेड सिस्ले. जन्म पॅरिसचा, 1839 चा. आईवडील इंग्रज, म्हणून कागदोपत्री हाही इंग्रजच. वडिलांनी व्यापार शिकायला लंडनला धाडलं. परतला तो चित्रकलेचं वेड घेऊन. ग्लेअर या चित्रकाराच्या स्टुडिओत मोने आणि रेन्वार या होतकरू चित्रकारांशी गट्टी जमली. घरून पैसे येत होते तोवर कशाची ददात नव्हती. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात वडिलांचा धंदा बुडाला, आणि मग ओढाताण जन्माला पुजली.

पुढे रेन्वार माणसं रंगवण्यात रमला. सिस्लेनं मात्र नदी, पूल, रस्ता, बर्फ सोडलं नाही. समीक्षक याला मर्यादा म्हणतात, म्हणोत बापडे. 1874 मध्ये फोर नावाच्या गायकाच्या पैशानं तो इंग्लंडला गेला, तर तिथेही थेम्सकाठीच बसला. हॅम्प्टन कोर्टचा पूल चक्क खालून रंगवला.

उत्तरायुष्य फ्रान्समधल्या मोरे या नदीकाठच्या गावात गेलं. तिथलं जुनं चर्च त्यानं उन्हात, पावसात, सकाळी, संध्याकाळी पुन्हा पुन्हा रंगवलं. इंग्रज असल्याच्या कागदांनी मात्र पिच्छा सोडला नाही. युजेनी या सहचारिणीबरोबर तीसेक वर्षं संसार केल्यावर 1897 मध्ये वेल्समधल्या कार्डिफला जाऊन रीतसर लग्न लावलं. पुढच्याच वर्षी ती गेली. फ्रेंच नागरिकत्वाचा अर्ज नामंजूर झाला होता. 1899 च्या जानेवारीत, घशाच्या कर्करोगानं, सिस्ले मोरेतच वारला. ब्रिटिश नागरिक म्हणूनच.

ते पुराचं चित्र पूर्वी 180 फ्रँकला गेलं होतं. 1900 च्या लिलावात इझाक द कामोंदो या संग्राहकानं त्याचे 43,000 मोजले.