बीपी बरा झाल्याचे पेढे

(साताऱ्यात फॅमिली डॉक्टरांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अमिलॉइडोसिसचे, म्हणजे चुकीचं दुमडलेलं प्रथिन अवयवांत साचत जाणाऱ्या आजाराचे, प्रकार आणि निदान सांगायचं मी कबूल केलंय. सांगतो. आधी पेढ्यांचं सांगतो.

माझ्याकडे एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हरकाका यायचे. सत्तरी ओलांडलेली, महाबळेश्वरच्या घाटात हयात गेलेली. बीपीच्या दोन गोळ्या वर्षानुवर्षं चालू. एकदा आले ते अर्धा किलो कंदी पेढे घेऊनच. "डॉक्टर, बीपी बरा झाला! आता गोळी घेतली की उभं राहिल्यावर भोवंडतं." मोजला, वरचा आकडा 104. मी गोळ्या बंद केल्या आणि पेढे खाल्ले. दोन. कंपाउंडरनं चार. (साताऱ्यात पेढ्याला नको म्हणणारा डॉक्टर दाखवा, तो नक्की कराडचा निघेल.)

सहा महिन्यांनी पाय सुजले, जिना चढताना धाप. इकोत हृदयाच्या भिंती जाड, रिपोर्टवर 'बीपीमुळे'. मीही मान डोलावली. पण भिंत स्नायूनं जाड झाली असती तर ईसीजीच्या लाटा उंच दिसायला हव्यात. इथे त्या मुंग्यांएवढ्या. म्हणजे भिंतीत भलतंच काही भरलंय, बीपी उतरला तोही त्यामुळेच. हे मला सुचलं कधी? काका फॉर्मवर सही करत होते, तेव्हा दोन्ही मनगटांवर टाक्यांचे व्रण दिसले. "हातांना मुंग्या यायच्या, आठ वर्षं झाली ऑपरेशनला. स्टिअरिंगमुळे म्हणाले." हाच पदार्थ मनगटात साचून नस दाबतो; घाटातल्या स्टिअरिंगवर आपण काय काय ढकललंय!

नावाचीही गंमत आहे. 1854 मध्ये जर्मन डॉक्टर विर्शोनं आयोडिन लावलं, रंग पाहून त्याला हा पदार्थ स्टार्चच्या जातीचा वाटला, म्हणून अमिलॉइड. पाचच वर्षांत ते प्रथिन आहे हे कळलं, पण साठीतल्या बंडोपंतांना गाव बंड्याच म्हणतं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पळतो.

एएल: मॅरोतल्या (अस्थिमज्जेतल्या) प्लाझ्मा पेशी बनवतात त्या प्रतिपिंडांचे तुकडे, म्हणजे लाइट चेन, साचतात. जाड जीभ, कडेला दातांचे ठसे, डोळ्यांभोवती काळंनिळं, लघवीला फेस. याला थांबायला वेळ नसतो, त्याच आठवड्यात रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवा. एए: जुना टीबी, संधिवात यांच्या मागून येतो, बहुधा किडनीत. एटीटीआर: यकृतात बनणारं ट्रान्सथायरेटिन चुकीचं दुमडतं; एक म्हातारपणातला, दुसरा आनुवंशिक, तिथे मुलांचीही चौकशी करा.

तपासण्यांचा क्रम मोडू नका. आधी रक्तातल्या फ्री लाइट चेन आणि रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन; दोन्ही एएलची प्रथिनं शोधतात. नुसत्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या ढोबळ चाचणीवर भागत नाही. ते स्वच्छ आलं, तरच पायरोफॉस्फेट स्कॅनवर (किरणोत्सारी द्रव्य टोचून एटीटीआरचं हृदय चमकवणाऱ्या) विश्वास ठेवा, कारण एएलमध्येही हृदय चमकू शकतं. काकांचं रक्त स्वच्छ होतं, आणि स्कॅनमध्ये हृदय बरगड्यांपेक्षा झगझगीत. म्हणजे एटीटीआर; बायोप्सी लागलीच नाही. रक्तात दोष असेल तर मात्र पोटाच्या चरबीत सुई, वर कांगो रेड. हा मुळात सुती कापडाचा रंग. अमिलॉइड असेल तर ध्रुवीकृत प्रकाशात कच्च्या सफरचंदासारखा हिरवा चमकतो. चरबी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो समजू नका, ज्या अवयवाची तक्रार त्याचाच तुकडा घ्या. आणि प्रकार पक्का केल्याशिवाय औषध नाही. एएलचं औषध एटीटीआरला दिलं तर नुसतंच विष.

सचिव म्हणतायत चहाबरोबर पेढे आहेत. कुणी आणलेत आणि त्यांचा बीपी किती, विचारून घ्या.