रोठा: श्रीवर्धनच्या वाडीतली सुपारी

श्रीवर्धन, जिल्हा रायगड. समुद्राला लागून असलेल्या या बागांना इथे वाडी म्हणतात. वर नारळाची सावली, खाली दाटीने उभ्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, त्यांच्या अंगावर चढलेली मिरी. पेशव्यांचं भट घराणं याच गावचं. आणि इथली सुपारी म्हणजे रोठा: मोठी, आतून पांढरी, चवीला गोडसर.

आता वर बघा. पायात दोरीचा फास घालून हा गडी शेंड्यापर्यंत गेलाय. या झाडाचे घड उतरवून झाले, तरी तो खाली येणार नाही. अंगाने झोका देऊन पोफळ वाकवतो, हात लांब करतो आणि शेजारची धरतो. बुंधा हाताच्या कवेत मावेल एवढाच. हे काम येणारी माणसं आता थोडी उरली आहेत, म्हणून हे चित्रीकरण आम्ही जास्त वेळ ठेवलंय.

पिकून केशरी झालेली फळं अंगणात पसरतात. साधारण दीड महिना ऊन लागतं, आणि ती रोज उलथावी लागतात, नाहीतर बुरशी धरते. सुकली की नाही हे कान सांगतो. फळ हलवून बघायचं. आत खुळखुळलं की सोलायला घ्यायचं. सोलायला बसतात त्या घरच्या आणि शेजारच्या बायका. साल एका बाजूला, सुपारी दुसऱ्या बाजूला, गप्पा चालूच.

ही सुपारी आधी देवापुढे जाते. मूर्ती नसेल तिथे तांदळाच्या राशीवर सुपारी ठेवली की तोच गणपती. पूजेला बायको हजर नसेल, तर यजमान कमरेला सुपारी लावून बसतो. लग्न ठरलं की सुपारी फुटते. आणि अडकित्ते! हे पितळेचे, मोराच्या नि घोड्याच्या घाटाचे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात असे कितीतरी जपलेले आहेत. एका फळासाठी कारागिरांनी एवढा जीव ओतला.

जेवणानंतरचं पान तर घरोघरी होतं. पानाला चुन्याचं बोट, थोडा कात, वर कातरलेली सुपारी. चुना सुपारीतल्या अर्कोलिनवर, म्हणजे तिच्यातल्या तरतरी आणणाऱ्या द्रव्यावर, काम करतो. तोंड लाल होतं, लाळ सुटते, अंगात ऊब येते, पेंग जाते. सवय नसलेल्याला सुपारी लागते: घाम फुटतो, छाती भरून येते, डोकं गरगरतं. सतत चघळणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासं होतं. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नोंदवलं आहे, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. ही दृश्यं त्यानंतरची. पोफळीची मुळं वरवरची, खोड उंच आणि सडपातळ. वाऱ्यापुढे वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. भरपाई हेक्टरच्या हिशेबाने निघाली, पण इथली वाडी गुंठ्यांत मोजतात. म्हणून बागायतदारांनी मागणी केली की पडलेली झाडं मोजा. ती मागणी रास्तच होती.

श्रीवर्धनमध्येच कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे. रोपं मिळतात, पण कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावून सावली धरावी लागते. पहिला घड यायला पाच ते सात वर्षं. तोवर घरखर्च केळी आणि मिरीवर. गळलेल्या विऱ्यांपासून, म्हणजे पोफळीच्या पानांच्या बुडाशी असलेल्या रुंद आवरणांपासून, आता ताटल्या, द्रोणही करतात. त्या कामाला इथल्या बायकांना यंत्रं मिळाली, तर वाडीतून आणखी एक मिळकत सुरू होईल.